मुठीतली माती

दर्यापूरहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या एसटीत मी पायाशी एक कापडी थैली ठेवली होती. मे महिना होता, खिडकीतून येणारा वारा तोंड भाजत होता. तिकीट देता देता कंडक्टरने थैलीकडे बघितलं. "जवारी हाय का?" मी म्हटलं, "माती आहे." त्याने क्षणभर थांबून विचारलं, "कोण्या देवाची?" आमच्या भागात माती इतकी जपून नेणारा माणूस बहुतेक एखाद्या देवस्थानाचीच नेत असतो. "आमच्याच वावरातली," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि तो पुढच्या सीटकडे गेला.

थैलीत पाच किलो काळी माती होती. बाबा ती युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून देत होते. मी हट्टाने धुतलेली थैली मागितली, कारण पोत्यात चिकटलेले चार दाणे जरी मिसळले असते तरी माझ्या पुढच्या सहा महिन्यांच्या कामाचा भरवसा गेला असता. मूर्तिजापूरला रेल्वे धरून मी नागपूरला पोचले, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या वहीत पहिली ओळ लिहिली: या मातीच्या एका कणाची ताठरता किती?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या घरच्या भिंतीमुळे. माझ्या पगारातून बांधलेली ती पहिली खोली. मिस्त्रीने काळी माती पुरेशी खोल काढली नाही, मुरूमही थोडाच भरला, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भिंत तिरपी फाटली. ती भेग एकदा पडून तशीच राहिली असती तर सिमेंट लावून विषय संपला असता. पण ती वर्षभर हलते. वैशाखात तिच्यात दहा रुपयांचं नाणं आरामात जातं, भाद्रपदात तेच नाणं अडतं. पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या मातीवर ज्यांनी घरं बांधली, त्यांना यात नवल वाटत नाही. मला मात्र त्या खोलीत झोप लागायची नाही. जमीन आपल्या खाली श्वास घेते आहे, आणि आपल्याला तिच्या एका कणाचीही नीट माहिती नाही, हे मला सहन होत नव्हतं.

ताठरता म्हणजे काय, ते आधी सांगते. एखादी सळई दोन्ही टोकांना धरून ओढली की ती किंचित लांबते आणि सोडली की मूळ लांबीवर येते. जितक्या जोराने ओढावं तितकी लांबी वाढते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडला. पुढे १८०७ मध्ये थॉमस यंगने सळईच्या जाडी-लांबीपलीकडे जाऊन त्या पदार्थाचाच ताठपणा सांगणाऱ्या एका राशीची मांडणी केली. आपण शाळेत ती 'यंगचा गुणांक' म्हणून पाठ करतो. तो गिगापास्कलमध्ये मोजतात. एक गिगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर साधारण शंभर किलोचा भार, म्हणजे तुरीच्या दाण्याहूनही लहान जागेवर ज्वारीचं एक भरलेलं पोतं. पोलादाचा यंगचा गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास, काचेचा ७० च्या आसपास. सळई हाती असेल तर हे मोजणं एका दुपारचं काम आहे.

पण चूर्णाची टोकं धरायची कुठे?

पीठ, राख, सिमेंट, हळद, औषधाची भुकटी, काळी माती यांना टोकच नसतं. चूर्ण ओढता येत नाही, फक्त दाबता येतं. आणि दाबलं की जे दबतं ते कण दबल्यामुळे की कण सरकल्यामुळे, हे चूर्ण आपण होऊन सांगत नाही. चक्कीवरून आलेलं ज्वारीचं पीठ आजी डब्यात भरायची, डबा दोनदा जमिनीवर आपटायची, मग मुठीने दाबायची, आणि अजून दोन पसे पीठ सहज मावायचं. त्यात पिठाचा एकही कण तसूभर लहान झालेला नसायचा. कणांनी एकमेकांमधली रिकामी जागा भरून काढलेली असायची. ताठरता मोजायची तर हे सरकणं आणि कणाचं स्वतःचं दबणं वेगळं काढावं लागतं. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

यातला एक धडा मी लहानपणीच पाहिला होता, फक्त तो धडा आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. गावाजवळच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये बाबा हंगामात कामाला जायचे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा प्रेस चालू असायची. खोलीभर पसरलेली रुई पेटीत जायची, खालून दट्ट्या वर यायचा, आणि एवढी सगळी रुई १७० किलोच्या एका गाठीत बसायची. दाब असतानाच गाठीला पट्ट्या बांधायच्या, मग दाब काढायचा. दाब कमी झाला की गाठ फुगायची आणि पट्ट्या ताणून टणक व्हायच्या. एकदा पट्टी तुटली तेव्हा गाठ एका बाजूने अशी उसळली की सगळे मागे सरले. बाबा म्हणाले होते, "दाबलं थे समदं दबत नायी. काई वापस येते."

परत येतं तेवढंच स्थितिस्थापक. चूर्णाच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. भुकटी पोलादी साच्यात घालून दट्ट्याने दाबली की दाब वाढताना जो आलेख मिळतो त्यात सरकणं, तुटणं, कायमचं चपटं होणं आणि लवचिकपणे दबणं असं सगळं एकत्र असतं. म्हणून त्या चढत्या रेषेवरून ताठरता काढायची नसते. दाब हळूहळू काढताना जी उतरती रेषा मिळते तिच्याकडे बघायचं, कारण मागे फिरताना कण पुन्हा जुन्या जागी सरकत नाहीत, फक्त जे लवचिकपणे दबलं होतं ते उलगडतं. औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्यांना हे उलगडणं चांगलंच ठाऊक असतं. साच्यातून गोळी बाहेर आली की ती किंचित वाढते, आणि हे वाढणं सगळीकडे सारखं नसलं तर गोळीचा वरचा थर टोपीसारखा निघून येतो. जिनिंगमधली तुटलेली पट्टी आणि टोपी निघालेली गोळी मला आता शेजारी शेजारी दिसतात.

साच्यात आणखी दोन चोर असतात. एक म्हणजे खुद्द यंत्र. दट्ट्या आणि यंत्राची चौकट पोलादाची असली तरी मोठ्या दाबाखाली तीही थोडी दबते, आणि यंत्राला वाटतं की ते सगळं भुकटीचंच दबणं आहे. म्हणून आधी रिकाम्या साच्यात दट्ट्यावर दट्ट्या दाबून यंत्राचं स्वतःचं दबणं मोजायचं आणि नंतर वजा करायचं. दुसरा चोर म्हणजे साच्याची भिंत. वरून दिलेला दाब खाली पूर्ण पोचत नाही, वाटेत भिंती घर्षणाने त्यातला भार खाऊन टाकतात. एच. ए. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांबाबत हे गणिताने दाखवलं: धान्याची उंची कितीही वाढवली तरी एका मर्यादेनंतर तळावरचा दाब वाढत नाही, कारण बाकीचं वजन भिंती उचलतात. आमच्या माजघरात तुराट्यांची, शेणाने सारवलेली कणगी होती. आजी ती दर वर्षी बाहेरून मधल्या भागात जास्त सारवायची. विचारलं तर म्हणायची, "पोट फुगते तिचं." तिने यान्सेनचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण भार भिंतीवर येतो हे तिच्या हातांना माहीत होतं.

मातीकडे येते.

शेतातल्या मातीत सगळे कण सारखे नसतात. वाळू असते, चुनखडीचे खडे असतात, कुजलेली पानं-मुळं असतात, आणि खरी काळी माती जिच्यामुळे वागते तशी वागते ती चिकणमाती असते. पश्चिम विदर्भाखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजत झिजत त्यातून स्मेक्टाइट गटातली खनिजं तयार झाली. त्यांचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे किंवा त्याहून लहान. हे कण वेगळे काढायला मला सहा आठवडे लागले, आणि हे सहा आठवडे मला सगळ्यात जास्त आवडले.

आधी सौम्य आम्लाने चुना काढायचा. मग हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, की कुजलेला भाग फसफसून निघून जातो. सगळं बऱ्याच वेळा धुवायचं. मग पाण्यात ढवळून उंच काचेच्या भांड्यात ठेवायचं आणि थांबायचं. जाड कण लवकर तळाशी जातात, बारीक कण रेंगाळतात. दोन मायक्रॉनचा कण पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण आठ तास घेतो. म्हणून सकाळी नऊला ढवळलेलं भांडं संध्याकाळी पाचला उघडायचं, वरचं दहा सेंटिमीटर पाणी नळीने अलगद ओढून घ्यायचं, आणि त्यात जे तरंगत असेल ती आपली चिकणमाती. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा आठ तास. पावसाळ्यात पूर्णेचं गढूळ पाणी आलं की आजी रांजणात तुरटी फिरवायची आणि सकाळपर्यंत पाणी निवळायचं. तुरटी कणांना एकमेकांकडे ओढते, ते गोळा होऊन खाली बसतात. प्रयोगशाळेत मी पाण्यात नेमकं उलट काम करणारं फॉस्फेट घालत होते, ज्याने कण एकमेकांना धरत नाहीत आणि एकेकटे तरंगत राहतात. रांजण आठवून मी ते भांडं ढवळायचे. आजी जे घालवण्यासाठी झटायची, तेच मी थेंबाथेंबाने साठवत होते.

शेवटी हाती आलं ते राखाडी, किंचित पिवळसर चूर्ण. बोटावर घेतलं तर कणच लागत नाही, नुसता मऊपणा लागतो. ते साच्यात दाबून मी गोळ्या केल्या, आठ आण्याच्या नाण्याएवढ्या, आणि त्यांच्यातून अल्ट्रासाउंडचे तरंग पाठवले. एका बाजूने ध्वनी पाठवायचा, दुसऱ्या बाजूला तो किती वेळाने पोचला ते बघायचं. ताठ पदार्थातून ध्वनी जलद जातो. वेग आणि घनता कळली की ताठरता निघते. पण गोळीत पोकळ्या असतात, आणि पोकळीला ताठरता नसते. म्हणून वेगवेगळ्या दाबाने कमी-जास्त पोकळीच्या बऱ्याच गोळ्या करायच्या, आणि पोकळी शून्य असती तर ताठरता किती असती हे रेषा पुढे ओढून काढायचं. पोकळी वाढली की ताठरता घातांकी रीतीने घटते, असं एक सोपं सूत्र १९६१ पासून सिरॅमिकच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. मला त्या सूत्राचा फारसा विश्वास कधी वाटला नाही. जिथे आपला एकही बिंदू नाही तिथे रेषा ओढायची आणि तिच्या टोकाला खरं उत्तर म्हणायचं, हे मनाला पटत नाही. पण सुरुवात म्हणून ते चालतं.

रेषा सुंदर आली. मी दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्याच गोळ्या पुन्हा मोजल्या तर सगळे वेग खाली आलेले. यंत्र तपासलं, पोलादाचा ठोकळा लावून पाहिला, त्याचा वेग बरोबर होता. तारा बदलल्या. रात्री आठपर्यंत बसले. काही समजेना. वसतिगृहावर येऊन घरी फोन केला, आणि बोलता बोलता बाबांना म्हटलं की कालपर्यंत ताठ असलेली माती आज मऊ निघाली. ते म्हणाले, "आभाळ भरून आलं असन तिकडं."

आलं होतं. दुपारपासून नागपूरवर ढग होते, खोलीची खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी मी गोळ्या तराजूवर ठेवल्या. सगळ्यांचं वजन वाढलं होतं. पाऊस पडलाच नव्हता, नुसती हवा दमट झाली होती, आणि मातीने हवेतून पाणी ओढून घेतलं होतं. स्मेक्टाइटचा प्रत्येक कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड असते. कोरडं असताना दोन पापुद्र्यांमधलं अंतर साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, असतं. पाण्याचा एक थर आत शिरला की ते सव्वा होतं, दुसरा शिरला की दीड. क्ष-किरणांनी हे अंतर थेट मोजता येतं आणि मी ते मोजलं. आमच्या भिंतीतली भेग उघडते-मिटते त्याचं मूळ इथे आहे, या अर्ध्या नॅनोमीटरमध्ये. बाबांनी हे कुठे वाचलेलं नाही. पण चाळीस वर्षं त्यांनी या मातीला आभाळाकडे बघून बदलताना पाहिलं आहे. त्यानंतर मी प्रत्येक गोळी शोषक खडे घातलेल्या बंद भांड्यात ठेवली आणि प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवशीची आर्द्रता लिहिली.

आता आर्द्रता धरून ठेवली तरी दुसरा प्रश्न उरला होता. गोळीतून जाणारा ध्वनी एका कणातून दुसऱ्या कणात जातो तो त्यांच्या स्पर्शबिंदूंवरून. कण कितीही ताठ असला तरी स्पर्शाची जागा सुईच्या टोकाएवढी असेल तर ढीग मऊच वागणार. हाइनरिश हर्ट्झ, ज्याचं नाव पुढे रेडिओतरंगांना लागलं, त्याने तरुणपणीच, १८८२ मध्ये, दोन गोल पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तर काय होतं याचं गणित प्रसिद्ध केलं. काचेच्या भिंगांवरच्या प्रयोगांतून तो त्याकडे आला होता. दाब वाढला की स्पर्शाची जागा वाढते, म्हणून जोड आणखी ताठ होतो. म्हणजे चूर्णाची ताठरता ठरलेली नसतेच, ती अंगावरच्या ओझ्याबरोबर वाढते. हर्ट्झच्या हिशेबाने गोल कणांच्या ढिगात ध्वनीचा वेग दाबाच्या एक षष्ठांश घाताने वाढायला हवा. खऱ्या वाळूत कमी दाबाला तो चतुर्थांशाच्या जवळ वाढताना दिसतो, कारण वाळूचे कण गुळगुळीत गोल नसतात आणि दाबाबरोबर नवे नवे स्पर्शही जुळत जातात.

तेव्हा ढिगाची ताठरता वेगळी आणि कणाची वेगळी. मला कणाची हवी होती.

एकट्या कणाला गाठायचे मार्ग आहेत. हिऱ्याच्या अतिसूक्ष्म टोकाने कणाला टोचायचं आणि टोक मागे घेतानाचा उतार मोजायचा. याची आजची सर्वमान्य रीत १९९२ मध्ये ऑलिव्हर आणि फार यांनी मांडली. पण दोन मायक्रॉनच्या पापुद्र्याला टोचताना कणाखालचा आधार आधी दबतो आणि कण उगीच मऊ ठरतो. दुसरा मार्ग हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये चूर्ण चिरडून क्ष-किरणांनी अणूंच्या थरांतलं अंतर किती घटलं ते बघण्याचा. त्यात स्पर्शबिंदूंचा प्रश्नच उरत नाही, किरण थेट कणाच्या आत बघतात. ते यंत्र माझ्या आवाक्यात नव्हतं.

मी धरला तो तिसरा मार्ग: कणाला सोबत द्यायची. चूर्ण पातळ इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, कालवायचं, निर्वात पेटीत हवेचे बुडबुडे काढायचे, घट्ट झाल्यावर त्या ठोकळ्याची ताठरता मोजायची. इपॉक्सी सगळ्या पोकळ्या भरते, कणाला सगळीकडून धरते. नुसत्या इपॉक्सीची ताठरता माहीत, मिश्रणाची मोजली, चूर्णाचं प्रमाण माहीत, तर कणाची उलट हिशेबाने निघते. फॉक्टने १८८९ मध्ये आणि रॉयसने १९२९ मध्ये मिश्रणाच्या ताठरतेचे जे दोन हिशेब मांडले, त्यांतून तिची वरची आणि खालची मर्यादा मिळते. हाशिन आणि श्ट्रिकमन यांनी १९६३ मध्ये त्या मर्यादा बऱ्याच जवळ आणल्या. खरं उत्तर त्या दोन्हींच्या मध्ये असतं.

हे करताना मला जे उमगलं ते आजही मी नव्या मुलांना सगळ्यात आधी सांगते. चिखलाच्या एका गोळ्यात काचेचे कंचे घाला, दुसऱ्यात तेवढेच लोखंडी छर्रे. दोन्ही गोळे हाताने दाबा. फरक कळणार नाही. पोलादाची ताठरता काचेच्या जवळजवळ तिप्पट, तरी कळणार नाही, कारण दबणारा सगळा चिखलच दबतो आणि आतल्या कशालाही दबायची पाळीच येत नाही. मऊ सोबत्याच्या हाती कणाची ओळख लागत नाही. इपॉक्सी साधारण तीन गिगापास्कलची. तिच्यात गारेची भुकटी घातली, जिची ताठरता शंभराच्या आसपास, तर मिश्रण ताठ होतं हे खरं, पण ती भुकटी शंभराची की दीडशेची हे मिश्रणावरून ओळखणं फार कठीण. सोबती कणाच्या बरोबरीचा असला तर मात्र उत्तर स्वच्छ येतं. दोघं अगदी सारखे असतील तर चूर्ण कितीही घाला, ठोकळ्याची ताठरता हलतच नाही, आणि ते न हलणं हेच उत्तर. म्हणून सोबती बदलत बदलत मोजायचं, एक मऊ, एक त्याहून ताठ, आणि बदल कुठे नाहीसा होतो ते बघायचं.

पाण्यात चूर्ण कालवून ध्वनीचा वेग मोजला तरी हेच दिसतं. पाणी आकुंचनाच्या बाबतीत जेमतेम सव्वादोन गिगापास्कलचं. त्यात थोडी चिकणमाती घातली तर वाटतं की वेग वाढेल, कारण आपण ताठ कण घातले. प्रत्यक्षात वेग पाण्याहूनही किंचित घटतो. कणांनी मिश्रण जड केलं, पण दबायचं काम अजून पाणीच करत राहिलं. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मी प्रयोग तीनदा केला.

माझे आकडे आले. मग इतरांनी चिकणमातीच्या खनिजांचे जे आकडे छापलेत ते जमवले. एकाच्या हाती सहा गिगापास्कलच्या आसपास, दुसऱ्याच्या हाती पन्नासच्या वर. आधी मी घाबरले. मग प्रत्येक लेखातली प्रयोगाची पानं पुन्हा वाचली. एकाने सुकी गोळी दाबली होती, दुसऱ्याने कण राळेत घोळले होते, तिसऱ्याने सूक्ष्मदर्शकाच्या सुईने एकट्या कणाला स्पर्श केला होता, चौथ्याने अणूंचं गणित संगणकावर केलं होतं. पानवाल्याकडे विड्याच्या पानांची कवळी असते. ती वरून दाबली तर मऊ लागते, पानं सरकतात, मध्ये ओल असते. पण एकच पान देठाकडून टोकाकडे ओढून बघा, ते किती जोर धरतं. चिकणमातीचा पापुद्रा आडवा ओढला तर अतिशय ताठ, आणि चवड वरून दाबली तर त्यामानाने कितीतरी मऊ, त्यातही पाणी शिरलं असेल तर आणखीच. ज्याने ज्या बाजूने विचारलं त्याला त्या बाजूचं उत्तर मिळालं होतं. मी वहीत माझा आकडा एकटा लिहायचं सोडून दिलं. आता त्याच्यापुढे दिशा, आर्द्रता, सोबती आणि पोकळी अशी चार घरं आहेत, आणि एखादं रिकामं राहिलं तर मी तो आकडा कुणाला देत नाही.

भिंतीचं काय झालं, ते सांगायला हवं. भिंतीचं उत्तर कणाच्या ताठरतेत नव्हतं. ते पापुद्र्यांमधल्या पाण्यात आणि पायाच्या खोलीत होतं. काळ्या मातीत वरचे काही हात ऋतूंबरोबर हलतात, त्याखाली ओल जवळपास स्थिर राहते. पाया त्या स्थिर भागात पोचवायचा. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी घंटेसारखे फुगवलेले खांब विकसित केले, ते याच विचाराने. मागच्या वर्षी नवीन खोली आम्ही तशा खांबांवर घेतली. जुन्या खोलीतली भेग अजून आहे. बाबा ती बुजवू देत नाहीत. जमिनीत ओल किती उतरली ते त्यांना तिच्यावरून कळतं म्हणतात.

या जूनमध्ये मी पेरणीला घरी होते. मृगाचा पाऊस चांगला झाला, मग तीन दिवस ऊन पडलं. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच: वाफसा आला का? माती इतकी ओली नको की तिफण चालताना फणाला चिखल लागेल, इतकी कोरडीही नको की ढेकळं फुटणार नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चल, पाहून येऊ."

धुऱ्यावरून आत गेलो. ते थांबले आणि मला म्हणाले, "तू पाय आता." मी वाकून मूठभर माती घेतली, दाबली. गोळा झाला. कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला, तो पडल्यावर सुटा होऊन फुटला. मी म्हटलं, "आला वाफसा, बाबा. उद्या जुंपा."

बाबा उकिडवे बसले. हाताने वरची माती बाजूला केली, चार बोटं, मग आणखी चार. तिथली माती मुठीत घेऊन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती गार होती. मी मूठ आवळली आणि उघडली तेव्हा गोळ्यावर माझ्या चारही बोटांचे ठसे चकाकत होते, रेषेन् रेषा. सोडला तर तो पडून चपटा झाला, फुटला नाही.

"वरची घेतली तू," बाबा म्हणाले. "बी तं खाली पडते."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि आभाळाकडे बघितलं. पूर्वेला एकही ढग नव्हता.

"परवा पाहू."